अमर्यादित, पण बेताने

ऑकलंडातल्या एखाद्या मराठी मंडळाला गणेशोत्सवासाठी वेबसाइट हवी असते. समितीत निम्मे आयटीवाले, म्हणजे निर्णय होणं अवघडच. अखेर ‘अनलिमिटेड’ लिहिलेला स्वस्त होस्टिंग प्लॅन घेतला जातो. हे अनलिमिटेड थाळीतलंच: तिसऱ्यांदा श्रीखंड मागितलं की वाढप्याची नजर बदलते. इथे त्या नजरेला ‘फेअर यूज पॉलिसी’ म्हणतात. जागा अमर्याद, पण फायलींची संख्या मोजलेली. बँडविड्थ अमर्याद, फक्त सगळ्यांनी एकदम आरतीची वेळ बघायला येऊ नये.

मग ‘९९.९ टक्के अपटाइम’. आकडा भारदस्त आहे. उरलेला ०.१ टक्का वर्षाला पावणेनऊ तास भरतो, आणि तो नाटकाची तिकिटं खुली होतात त्याच संध्याकाळी भरू नये, असं कुठल्याही करारात लिहिलेलं नसतं. भरपाई मिळते म्हणे, सेंटांमध्ये.

‘लोकल सर्व्हर’ निघतो सिडनीत, टास्मान समुद्रापलीकडे दोन हजारांहून अधिक किलोमीटरवर. पावलोव्हा हा गोड पदार्थ मूळचा कुणाचा यावर भांडणारे दोन देश सर्व्हरपुरते मात्र एकत्र कुटुंब!

नूतनीकरणाला दर चढतो, वर १५ टक्के जीएसटी. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ फुकट देतं ते एसएसएल प्रमाणपत्र बिलात वेगळं झळकतं. २०१४ पासून नुसतं ‘डॉट एनझेड’ नावही मिळतं, त्यामुळे ‘डॉट ओआरजी डॉट एनझेड’च्या जोडीला तेही गळ्यात पडतं. दोन्ही नावांची नोंदणी मागच्या खजिनदारांच्या ईमेलवर असते. ते हल्ली ब्रिस्बेनला असतात.