निरुपयोगी संख्येची नोकरी

मुलाने कुठलाही छंद सांगितला की वडीलधारी मंडळी विचारतात, ‘त्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न एका संख्येच्याही वाट्याला आला आहे. ती संख्या म्हणजे २१४,७४,८३,६४७. दोनाचा एकतिसावा घात, उणे एक. एक आणि ती स्वतः सोडून कोणीही तिला निःशेष भागू शकत नाही, म्हणजे ती मूळ संख्या. आकार अवाढव्य, स्वभाव एकलकोंडा.

तिच्या चारित्र्याचा दाखला दिला ऑयलर या गणितज्ञाने, १७७२ साली. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. सरळ तपासायचं तर ४६ हजारांपर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. ऑयलरने आधी विचार केला, की हिला भागणारा कोणी असलाच तर तो कसा असेल? त्याला ६२ने भागल्यावर १ उरला पाहिजे, शिवाय तो आठाच्या पाढ्यातल्या संख्येहून एकाने पुढे किंवा मागे हवा. या चाळणीतून पावणेचारशेच्या आतच संख्या उरल्या. त्यांतली एकही लागू पडली नाही.

१८११मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने या संख्येपासून बनणाऱ्या परिपूर्ण संख्येबद्दल (जिच्या स्वतःहून लहान भाजकांची बेरीज तीच येते) लिहिलं, की हिच्यापेक्षा मोठी शोधायच्या भानगडीत कोणी पडणार नाही. या संख्या नवलाच्या आहेत, कामाच्या नाहीत. पण निरुपयोगी म्हटलं की कुतूहल चेकाळतंच. २०२४ साली सापडलेल्या याच जातीच्या मूळ संख्येत ४ कोटी १० लाखांहून जास्त अंक आहेत.

आपल्या संख्येला दरम्यान संगणकात नोकरी लागली. ३२ बिटांपैकी एक बिट अधिक-उण्याच्या चिन्हाला दिला की उरलेल्या ३१मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. २०१४ साली ‘गंगनम स्टाइल’ हे कोरियन गाणं इतक्यांदा पाहिलं गेलं, की यूट्यूबला मोजणीची जागा वाढवावी लागली. सेकंद मोजत जाणारी जुन्या पद्धतीची संगणकी घड्याळं १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद होतील तेव्हा, याच संख्येपाशी अडतील. पण इथे तिचं मूळ असणं कोणी विचारत नाही. संस्कृतच्या पंडिताला उंची पाहून माळ्यावरचे डबे काढायला ठेवावं, तसलं हे काम.

खरी कदर झाली ती वेगळ्याच खात्यात. संगणकाला फासे टाकता येत नाहीत. त्याला बेभरवशाचे वाटणारे आकडेही सहसा हिशेबानेच काढावे लागतात. १९८८ साली पार्क आणि मिलर या संगणकतज्ज्ञांनी त्यासाठी एक साधी रीत सुचवली. आपल्या संख्येहून लहान, पण शून्य नसलेली एखादी संख्या घ्या, १६,८०७ने गुणा, आपल्या संख्येने भागा आणि बाकी ठेवा. त्या बाकीवर पुन्हा तेच. भाजक मूळ आणि गुणक पारखून घेतलेला, म्हणून बाकी कधीच शून्य येत नाही, आणि १पासून भाजकाच्या अलीकडच्या संख्येपर्यंत प्रत्येकीची पाळी एकेकदा येऊन गेल्याशिवाय कोणाचीच दुसऱ्यांदा येत नाही. जिला कोणी भागू शकत नाही, तिने भागल्यावर मात्र कोणीच वगळलं जात नाही.

बार्लोला हे सुचलं नाही, यात त्याचा दोष नाही. १८११ साली दोन अब्ज गुणाकार-भागाकार करायला बसलं असतं कोण?