पर्यावरणप्रेमी व्हा, बादली न बदलता

नवशिक्यांनी सर्वांत आधी एक कापडी पिशवी घ्यावी. ती दारामागच्या खुंटीला अडकवावी आणि तिथेच राहू द्यावी. पाहुण्यांना दिसली की तिचं काम झालं. मंडईत मात्र रिकाम्या हाताने जावं आणि कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता सहज म्हणावं, "एक पिशवी द्या की!" महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, पहिल्याच गुन्ह्याला ५,००० रुपये दंड आहे. पण बडगा बहुधा हातगाडीवरच पडतो, तेव्हा निर्धास्त असावं.

आता मुख्य विषय, बादली. ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा घरातच वेगळा करायला २०१६च्या घनकचरा नियमांनी सांगितलं होतं. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर याबाबत कडक भूमिका घ्यावी. 'काही सभासदांना शिस्तच नाही' हे वाक्य तोंडपाठ हवं. मग चहाचा चोथा, न धुतलेली दुधाची पिशवी, संपलेले सेल, कुरिअरचा पुठ्ठा आणि कालची आमटी एकाच काळ्या पिशवीत कोंबून घट्ट गाठ मारावी. गाठ फार महत्त्वाची. ती बसली की आतलं काहीच आपलं राहत नाही.

पुण्यात असाल तर ही पिशवी न्यायला बहुधा 'स्वच्छ'च्या ताई येतील. कचरावेचकांची ही सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. तिच्यामागे १९९३ची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी आहे. ताई जिन्याखाली बसून तुमची गाठ सोडतात आणि हातांनी निवडतात. सुका माल भंगारात विकून त्यांना चार पैसे जास्त मिळतात, आणि आमटीत भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला भाव देत नाही. हा तपशील नवशिक्यांनी लक्षात ठेवू नये, झोप उडते.

डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा असतो, म्हणजे उघडण्याआधीच ताईंना कळतं. आपल्या घरी लाल पेन नसतं. ताईंनी विचारलंच तर हसून सांगावं, "अहो, घाईत राहून गेलं." ही घाई वर्षानुवर्षं टिकते. महिन्याचे पैसे मागायला त्या आल्या की मात्र सुट्टे नाहीत म्हणावं.

२० डिसेंबरला गाडगेबाबांच्या पुण्यतिथीचं स्टेटस विसरू नये. बाबा गावात आले की आधी हातात खराटा, दिवसभर झाडलोट आणि रात्री कीर्तन. हा क्रम आपल्याला झेपणारा नाही. आपण कीर्तनापासून सुरुवात करावी, खराट्याचं नंतर बघू.

राहिला शेवटचा प्रयोग: रात्री बादली जुन्या पेपरवर उपडी करायची आणि या घराला नक्की कशाची किंमत आहे, ते नुसत्या कचऱ्यावरून ओळखायचं. हा प्रयोग प्रगत अभ्यासक्रमात आहे. नवशिक्यांनी तो करू नये, निदान सासूबाई घरात असताना तरी.