शिव्यांची प्रतवारी

कापसाची प्रतवारी होते, द्राक्षांची होते. शिव्यांची करायला मात्र इंग्रजच हवा. ब्रिटनमध्ये रेडिओ-टीव्हीवर नजर ठेवणारी ऑफकॉम नावाची नियामक संस्था आहे. २०१६ साली तिनं सुमारे १५० अपशब्द लोकांपुढे मांडले आणि विचारलं, कुठला किती झोंबतो? उत्तरांतून चार पायऱ्या निघाल्या: सौम्य, मध्यम, कडक, अतिकडक. चहाच्या पत्तीसारख्या.

सौम्यांच्या पंगतीत 'ब्लडी', 'बगर', 'गिट' (डोक्याला ताप देणारा माणूस) ही घरचीच मंडळी बसली. शेजारी चक्क 'काउ'! आपल्याकडे गरीब सुनेला गाय म्हणतात, तिकडे खाष्ट बाईला. भाषांतरकारांनी जपून.

'ब्लडी'ला या पंगतीत पाट मिळायला बराच काळ गेला. १९१४ साली लंडनमध्ये शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकात मिसेस पॅट्रिक कॅम्बेल यांनी तो भर रंगमंचावर उच्चारला, तेव्हा काही वर्तमानपत्रांना तो छापायचीही लाज वाटली. इकडे हिंदुस्थानात साहेब मात्र हमालापासून हेडक्लार्कपर्यंत सगळ्यांना तोच शब्द सढळ हातानं वाटत होता. पुढे साहेब गेला. 'ब्लडी फूल' आमच्या मामांकडे राहिला. रिक्षावाल्यावर रागावले की अजून काढतात, आणि काढल्यावर दोन इंच उंच दिसतात.

'बगर' मुळात पाखंडी बल्गेरियनांवरून आला. आता 'सिली ओल्ड बगर' म्हटलं की मालवणी 'मेल्या'इतकीच माया त्यात असते.

पण खरी गंमत 'बर्क'ची. अर्थ साधा: बावळट. नातवानं चहा सांडला की इंग्रज आजी 'यू बर्क' म्हणते आणि कुणाची भुवई हलत नाही. शब्द लंडनच्या कॉकनी यमकबोलीतला. तिथे 'स्टेअर्स'शी जुळतं म्हणून जिन्याला 'ॲपल्स अँड पेअर्स' म्हणतात, आणि मग यमकाचा तुकडाच गाळून नुसतं 'ॲपल्स'. त्याच रीतीनं 'बर्कली हंट' या शिकारी मंडळाच्या नावातलं 'बर्क' तेवढं उरलं, असं कोशकार सांगतात. 'हंट'शी काय जुळतं ते इथे छापलं तर संपादक माझं सदर बंद करतील. ऑफकॉमच्या यादीत ते अतिकडकमध्ये आहे, थेट वरच्या पायरीवर.

आजीला हे अजून कुणी सांगितलेलं नाही. जो सांगेल तो बर्क.