बोलाची कढी, बर्फाचा भात

ब्रायन बर्क यांच्या गळ्यात टाय असतो, पण त्याला गाठ नसते. दोन्ही टोकं शर्टावर मोकळी लोंबत असतात. हार्वर्डची कायद्याची पदवी घेतलेल्या माणसाला टाय बांधता येत नसेल, असं मानायला मी तयार नाही. गाठ आवळली की घशाला अडचण होते आणि बर्कसाहेबांचा सगळा कारभार घशावर चालतो, एवढाच त्याचा अर्थ.

खुलासा करून ठेवतो. बर्कसाहेब हॉकीतले मॅनेजर, पण ही हॉकी मेजर ध्यानचंदांची नव्हे. ही बर्फावरची, पायांत स्केट्स चढवून खेळायची. हिच्यात दोन गड्यांनी हातमोजे फेकून एकमेकांना बुकलायला सुरुवात केली, तर पंच लगेच मध्ये पडत नाहीत. उत्तर अमेरिकेतल्या नॅशनल हॉकी लीगमध्ये प्रत्येक संघाला एक जनरल मॅनेजर असतो. तो स्वतः खेळत नाही, खेळायला शिकवतही नाही. माणसं आणायची, विकायची, अदलाबदल करायची, प्रशिक्षक नेमायचा आणि हंगाम फसला की त्याला घरी पाठवायचं, हे त्याचं काम. ते बंद दाराआड, फोनवर चालतं. त्यामुळे बहुतेक मॅनेजर रस्त्याने गेले तरी कुणी मान वळवून बघत नाही. बर्कसाहेबांच्या बाबतीत मान वळवायची गरज पडत नाही, ते आधी ऐकू येतात.

२९ नोव्हेंबर २००८ रोजी टोरांटो मेपल लीफ्सने त्यांना गादीवर बसवलं. टोरांटो म्हणजे हॉकीची पंढरी. फक्त १९६७ नंतर तिथे विठ्ठल उभा राहिलेला नाही. लीगच्या विजेत्याला मिळणारा स्टॅनली चषक त्या वर्षी शेवटचा आला होता. साहेबांनी पहिल्याच पत्रकार परिषदेत जाहीर केलं की या संघात भांडखोरपणा हवा, खुमखुमी हवी, मर्दानी रग हवी, आणि हे सगळं योग्य प्रमाणात हवं. 'योग्य प्रमाणात' हा वकिली बाणा मला फार आवडला. पत्रकारही खूष झाले. नाहीतर मॅनेजर लोक 'आम्ही प्रयत्न करू, मुलं मेहनत घेताहेत' याच्या पलीकडे जात नाहीत, आणि त्यावर कॉलम भरत नाही. बर्कसाहेब तोंड उघडत आणि रकाने आपोआप भरत. आम्हा लिहिणाऱ्यांना असा माणूस मिळाला की आम्ही त्याला निकाल विचारायचं विसरतो.

आता खरेदी बघा. २००९ च्या उन्हाळ्यात साहेबांनी आपल्या तत्त्वाला जागून माईक कोमिसारेक हा धिप्पाड बचावपटू आणला आणि कोल्टन ऑर हा मुख्यतः ठोसे मारण्यासाठी प्रसिद्ध असलेला गडी आणला. इथवर ठीक. सप्टेंबरात सगळ्यात मोठी किंमत मोजली ती मात्र फिल केसेलसाठी. केसेल वाऱ्यासारखा पळत असे, त्याचा फटका अचूक असे आणि अंगाला अंग भिडवण्याची त्याला अजिबात हौस नव्हती. त्याने एका धिप्पाड प्रतिस्पर्ध्यावर काठी उगारल्याचं एकदा गाजलं होतं, तेही बर्क टोरांटोतून गेल्यानंतर, सरावाच्या सामन्यात. सारं शहर शड्डू ठोकून बसवलं आणि तिजोरी उघडली ती एका पापभिरू माणसासाठी.

माणूस चांगलाच होता, आदल्या हंगामात बोस्टनसाठी त्याने ३६ गोल केले होते. प्रश्न किमतीचा होता. साहेबांनी बोस्टनला २०१० ची पहिल्या फेरीतली निवड (म्हणजे नवा खेळाडू उचलायचा हक्क) दिली, दुसऱ्या फेरीतली दिली आणि वर २०११ चीही पहिल्या फेरीतली देऊन टाकली. लीगमध्ये नवी पोरं उचलताना दुबळ्या संघांना आधी संधी मिळते. म्हणजे तुमचा संघ जितका वाईट खेळेल तितकी तुम्ही विकलेली चिठ्ठी महाग. टोरांटोने मनापासून वाईट खेळून दाखवलं, तीस संघांत एकोणतिसावा नंबर काढला, आणि त्या चिठ्ठीवर बोस्टनने टायलर सेगनला उचललं. पुढच्या वर्षी डगी हॅमिल्टन. जून २०११ मध्ये बोस्टनने चषक जिंकला तेव्हा सेगन त्या संघात होता. टोरांटोशी सामना असला की बोस्टनचे प्रेक्षक 'थँक यू, केसेल' असा गजर करत. (पुढे बोस्टनने सेगनही विकला आणि हॅमिल्टनही. शहाणपणाचा मक्ता कुणा एका शहराकडे नसतो.)

केसेलच्या सौद्याच्या दोनच वर्षं आधीची गोष्ट. २००७ साली बर्कसाहेब अ‍ॅनाहाइमचे मॅनेजर होते आणि नुकतेच स्टॅनली चषक जिंकून बसले होते. तेवढ्यात एडमंटनचे मॅनेजर केव्हिन लो यांनी अ‍ॅनाहाइमच्या डस्टिन पेनर या तरुण खेळाडूपुढे पाच वर्षांचा, दोन कोटी साडेबारा लाख डॉलरचा करार ठेवला. नियमात बसणारी गोष्ट. बर्कसाहेबांचा पारा चढला. पोरासोरांचे भाव असे वाढवले तर धंदा बुडेल, हा माणूस स्वतःची खुर्ची वाचवायला दुसऱ्याचं घर जाळतोय, अशा अर्थाचं ते जाहीरपणे बोलले. एवढ्यावर भागलं नाही. लेक प्लॅसिड गावात शेतावरचं एक कोठार भाड्याने घेतो, लो यांना तिथे यायला सांगा, हाताने काय तो निकाल लावू, असा निरोप आपण धाडला होता, हे त्यांनीच पुढे रंगवून सांगितलं आहे. वय बावन्न. हार्वर्डचा वकील. लीगच्या आयुक्तांना मध्ये पडून दोघांना गप्प करावं लागलं.

आणि दोन वर्षांनी याच साहेबांनी एकवीस वर्षांच्या केसेलला पाच वर्षांसाठी दोन कोटी सत्तर लाख डॉलर दिले. पोरासोरांच्या भावाचं काय झालं, हे कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही. कोठार रिकामंच राहिलं.

टोरांटोत पुढे काय झालं ते थोडक्यात. तेव्हा तीसपैकी सोळा संघ बाद फेरीत जात, म्हणजे निम्म्याहून जास्त. बर्क यांच्या काळात टोरांटो त्यात एकदाही गेला नाही. गोल कोण अडवणार हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. टोस्काला आधीपासून होता, जिगेर आला, गुस्टाफसन आला, रायमर आला. प्रशिक्षक रॉन विल्सन हे साहेबांचे कॉलेजातले सवंगडी. २०११ च्या नाताळात त्यांना करार वाढवून मिळाला, आणि ही भेट विल्सन यांनीच ट्विटरवर आनंदाने जाहीर केली. २ मार्च २०१२ रोजी त्यांना काढलं. प्रेक्षक विल्सन यांच्या हकालपट्टीच्या घोषणा देत होते. अशा प्रेक्षकांसमोर मित्राला पुन्हा उभं करणं हा छळ झाला असता, असं साहेबांचं म्हणणं. मैत्री निभावावी तर अशी. ते असंही म्हणाले की हा संघ अठरा चाकी ट्रकसारखा थेट कड्यावरून खाली गेला. वर्णन झकास आहे. स्टिअरिंगवर कोण होतं, एवढंच त्यात येत नाही.

आता ज्या गोष्टीवर मला हसता येत नाही तिच्याकडे वळतो. जानेवारी २०१२ मध्ये कोल्टन ऑरला खालच्या दर्जाच्या लीगमध्ये पाठवावं लागलं. मारामारीच्या गड्याची खेळात जागाच उरली नव्हती. साहेब भर पत्रकार परिषदेत गहिवरले. असे रखवालदार गेले तर खेळ उंदरांच्या ताब्यात जाईल, लपून वार करणारे माजतील, ही त्यांची खंत. त्याच्या आदल्याच उन्हाळ्यात डेरेक बूगार्ड, रिक रिपियन आणि वेड बिलॅक, तिघेही याच कामाचे गडी, चार महिन्यांच्या आत मरण पावले होते. बिलॅक तर पूर्वी टोरांटोकडूनच खेळलेला. मागे जा, ८ मार्च २००४. व्हँकुव्हरच्या टॉड बर्टुझीने कोलोरॅडोच्या स्टीव्ह मूरला मागून ठोसा मारून बर्फावर आपटलं. मूरच्या मानेचे तीन मणके मोडले, तो पुन्हा या लीगमध्ये खेळला नाही. तेव्हा व्हँकुव्हरचे मॅनेजर होते बर्क. हा हल्ला त्यांनी करवला असं मी मुळीच म्हणत नाही. पण रखवालदारांच्या राज्यातही लपून वार होत होते, एवढं त्यांनी स्वतःच्या संघात पाहिलं होतं. त्याआधी १९९३ ते १९९८ या काळात तर खेळाडूंना शिक्षा ठोठावण्याचं लीगचं खातंच त्यांच्याकडे होतं. इतकं बघितलेल्या माणसाने उंदरांची भीती घालावी, हे मला पटलेलं नाही.

जिभेचा दुसरा नमुना २०१४ च्या ऑलिंपिकचा. अमेरिकेचा संघ निवडताना बॉबी रायनचं नाव निघालं. हा रायन २००५ साली साहेबांच्याच अ‍ॅनाहाइमने दुसऱ्या क्रमांकावर उचललेला. त्याच्यात तीव्रता नाही, त्याला त्या शब्दाचं स्पेलिंगही येणार नाही, अशा आशयाचं बर्क बोलले. खोलीत परवानगीने पत्रकार बसलेले होते, त्यामुळे ते सगळ्या जगाने वाचलं, रायननेही. मग हा तीव्रतेने ओतप्रोत भरलेला संघ सोचीला गेला. शेवटच्या दोन सामन्यांत त्याला एकही गोल करता आला नाही: कॅनडाकडून ०-१, फिनलंडकडून ०-५. फिनलंडच्या पाचांतले दोन गोल त्रेचाळीस वर्षांच्या टीमू सेलाने याचे. सेलाने हाही एके काळी बर्क यांनीच अ‍ॅनाहाइमला आणलेला.

एका ठिकाणी मात्र साहेबांच्या मोठ्या आवाजाला मी सलाम करतो. २००९ च्या नोव्हेंबरात त्यांचा मुलगा ब्रेंडन याने आपण समलिंगी असल्याचं जाहीर केलं. हॉकीच्या ड्रेसिंग रूममध्ये हा विषय शिवीपुरताच निघत असे. बाप त्याच्या पाठीशी उघडपणे उभा राहिला. तीन महिन्यांत मोटार अपघातात ब्रेंडन गेला. त्याच महिन्यात बर्क व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या संघाचे मॅनेजर म्हणून उभे होते आणि तो संघ रौप्यपदक घेऊन परतला. टोरांटोच्या प्राइड मिरवणुकीतही ते चालले. या बाबतीत त्यांची थट्टा करणाऱ्याशी मी बोलणार नाही.

आणि कामाचं म्हणाल, तर त्यांचं सर्वांत सुंदर काम १९९९ चं. हेन्रिक आणि डॅनियल सेडिन हे स्वीडनचे जुळे भाऊ, दोघेही एकाच संघात हवेत. बर्क यांनी शिकागो, टॅम्पा आणि अटलांटाशी एकामागून एक सौदे केले आणि दुसरी व तिसरी निवड हातात घेऊन दोघांना व्हँकुव्हरला आणलं. हे सगळं फोनवर, माईक नसताना झालं. ते दोघे कधी कुणाच्या अंगावर धावून गेले नाहीत, इतके शांत की समोरचे त्यांना ढकलत आणि बर्कना त्यांच्या वतीने पंचांवर ओरडावं लागे. हेन्रिक २०१० मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, पुढच्या वर्षी सर्वाधिक गुण डॅनियलचे. खुमखुमी, रग वगैरे योग्य प्रमाणात नसूनही.

९ जानेवारी २०१३ रोजी टोरांटोने बर्क यांना काढलं. त्यांनी जमवलेला संघ त्याच हंगामात बाद फेरीत गेला आणि बोस्टनविरुद्ध सातव्या सामन्यात ४-१ ची आघाडी घालवून ५-४ असा हरला. बर्क मात्र बेकार राहिले नाहीत. कॅल्गरी झालं, टीव्हीवर विश्लेषक झाले, मग पिट्सबर्ग. तिथूनही एप्रिल २०२३ मध्ये निरोप मिळाला. बोलणाऱ्याची बोरं विकली जातात, हे कॅनडातही खरं आहे.

तेव्हा टोरांटोत, मिसिसागात राहणाऱ्या आणि पोरांमुळे या खेळाच्या नादी लागलेल्या मराठी वाचकांना एक विनंती. पुढचा कुणी मॅनेजर पहिल्याच दिवशी दंड थोपटू लागला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला एवढंच विचारा: साहेब, पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेरीच्या निवडी अजून आपल्याकडेच आहेत ना?