खाल्ल्या घरचे वासे

सॉफ्टवेअर इन्स्टॉल होताना किती अदबीने वागतं! अटी मान्य आहेत ना, कुठल्या फोल्डरात बसू, डेस्कटॉपवर आयकॉन ठेवू का? काढताना मात्र ‘अनइन्स्टॉल पूर्ण झाले’ एवढं म्हणून मोकळं. मागे विंडोजच्या अ‍ॅपडेटात कॅशे, रजिस्ट्रीत नोंदी, मॅकच्या लायब्ररीत सेटिंगच्या फायली. त्या काढायला मग एखादा ‘क्लीनर’ आणायचा. तोही जाताना आपल्या फायली ठेवूनच जातो.

‘मग सॉफ्टवेअरनेच सगळं पुसून जावं की!’ म्हणणाऱ्यांसाठी थोडा इतिहास. १९९८ मध्ये बंजी कंपनीचा ‘मिथ २’ गेम आला. गेम ज्या फोल्डरात बसवला असेल, ते फोल्डर त्याचा अनइन्स्टॉलर सरसकट उडवायचा. कोणी तो थेट ड्राइव्हच्या मुळाशीच बसवला असेल, तर अख्खी ड्राइव्ह साफ! खाल्ल्या घरचे वासे मोजणारे आपण पाहिले होते. हा वासे उपटूनच निघाला. कंपनीला प्रती परत मागवाव्या लागल्या.

२०१५ मध्ये लिनक्सवरच्या ‘स्टीम’ या गेम चालवणाऱ्या प्रोग्रामची गंमत पाहा. स्क्रिप्टमध्ये फोल्डरचं नाव रिकामं राहिलं, की ‘माझं फोल्डर पुस’ या हुकमाचा अर्थ ‘दिसेल ते पुस’ असा व्हायचा. त्या ओळीवर लिहिणाऱ्यानेच शेरा मारला होता: ‘स्केअरी!’ भीती वाटली, पण नाव रिकामं आहे का हे तपासायचं सुचलं नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात विंडोज १० च्या अपडेटने दुबार वाटलेली जुनी फोल्डरं आवरायला घेतली आणि काहींची खरी कागदपत्रंच गेली. मायक्रोसॉफ्टला अपडेट थांबवावं लागलं.

तर पुसावं की नाही? पुसावं, पण स्वतःचं. बनवलेल्या प्रत्येक फाइलची नोंद ठेवावी आणि जाताना त्या यादीबाहेर बोट लावू नये. कॅशे खुशाल न विचारता काढावा. सेटिंग विचारून काढावीत. माणसाचे फोटो, हिशेब, पत्रं यांच्या वाटेला जाऊ नये. डेबियन लिनक्समध्ये ही शिस्त जुनीच आहे: ‘रिमूव्ह’ केलं की प्रोग्राम जातो, ‘पर्ज’ केलं की यंत्रणेतली त्याची सेटिंगही जातात, तुमच्या होम फोल्डरला हात लावण्याचा रिवाज मात्र दोन्हींत नाही. फुकट मिळणाऱ्याला हे जमतं आणि दरवर्षी वर्गणी घेणाऱ्याला जमत नाही, तेव्हा अडचण तंत्राची नाही, दानतीची आहे.

तोवर, वाचकहो, अनइन्स्टॉल दाबण्याआधी बॅकअप घ्या. जाणारा काय ठेवून गेला ते नंतर पाहता येतं. काय घेऊन जाईल याचा विचार आधीच करावा लागतो.