दहावीले शे तो

दहावीच्या मुलाने पाणी भरायचं नसतं. हा नियम बोर्डाच्या परिपत्रकात नव्हता, शाळेच्या सूचनाफलकावरही नव्हता. तरी जून 1991मध्ये मी दहावीत गेलो आणि त्याच आठवड्यात माझ्या हातातली कळशी ताईच्या डाव्या हातात गेली. उजव्या हातात तिची स्वतःची होतीच. आजी दारातून म्हणाली, "त्याले काही सांगू नको माय, दहावीले शे तो." त्या एका वाक्यावर मी वर्षभर जगलो. नळ आला की मी भूमितीचं पुस्तक उघडून गंभीर चेहरा करायचो. नळ गेला की पुस्तक मिटायचो. प्रमेयांचा आणि पाण्याच्या वेळेचा असा घट्ट संबंध युक्लिडलाही सुचला नसता.

पाहुणे आले की विचारायचे, "कितला टक्का पडतीन भो?" यावर आकडा सांगायचा नसतो. मान खाली घालून "बघू" म्हणायचं असतं. कमी सांगितले तर बापाची मान खाली, जास्त सांगितले तर निकालानंतर आपली. मी "बघू" म्हणायचो ते मात्र अशा सुरात, की समोरच्याला किमान ऐंशी ऐकू यावेत. कारण बोर्डात पहिला येण्याचं माझं आतून ठरलेलं होतं. 'गावकरी' आणि 'देशदूत'मध्ये येणारी मुलाखत पाठ होती. श्रेय आईवडिलांना आणि गुरुजनांना, क्लास कोणताही नाही, पुढे डॉक्टर होऊन खेड्यात सेवा. फोटोत पेढा कोणी भरवायचा तेही नक्की होतं. आता एवढ्या तयारीनंतर अभ्यासाला वेळ कुठून उरणार!

शाळेतले नियम याहून कडक. गाईडला पाठ्यपुस्तकाचं कव्हर घालायचं आणि 'मी गाईडला हातही लावत नाही' असं म्हणायचं. 21 अपेक्षित प्रश्नसंच प्रत्येकाच्या दप्तरात असायचा आणि प्रत्येकजण तो दुसऱ्याकडे आहे असं सांगायचा. मुलींशी थेट बोलायचं नाही. वही हवी असेल तर तिच्या वर्गातल्या चुलतभावाला गाठायचं, तो नसेल तर आतेभावाला, आणि दोघंही नसतील तर तो धडा ऑप्शनला टाकायचा. वर्गात पुस्तकातली मराठी, मैदानात अहिराणी. मैदानात कोणी 'मला चेंडू दे' म्हणाला तर त्याला चेंडू मिळत नसे.

आणि किल्ला. आमच्या सोनगीरचा किल्ला गावाला लागूनच आहे. नववीतला मुलगा किल्ल्यावर गेला तर तो उंडारायला गेला, दहावीतला गेला तर अभ्यासाला. वर पडकी तटबंदी, खोल विहीर आणि मरणाचा वारा. फारुकींचा, मग मुघलांचा, मग मराठ्यांचा आणि 1818 साली इंग्रजांचा झालेला हा किल्ला 1991मध्ये माझा होता. खालून जाणाऱ्याला आपण दिसू अशा बेताने मी तटावर पुस्तक घेऊन बसायचो. वाऱ्याने पानं आपोआप उलटत, तेवढीच काय ती प्रगती. बाकी वेळ खालच्या आग्रा रोडवरचे ट्रक बघण्यात जाई. नंबरप्लेट वाचून राज्य ओळखायचं, हा माझा भूगोल.

घरी अभ्यास न होण्याचं मी दिलेलं अधिकृत कारण म्हणजे तांबट. आमच्या घरामागेच तांबटांची घरं. सोनगीरची तांब्या-पितळेची भांडी खानदेशभर जायची, त्यामुळे सकाळपासून ठोके सुरू. मी आजीला पुढे घालून एका म्हाताऱ्या कारागिराकडे तक्रार नेली, की दहावी आहे, ठोके थांबवा. त्याने हातोडा खाली ठेवला नाही. म्हणाला, "ठोके थांबाडले तर हंडा वाकडा हुई ना भो. तू वाच, मी ठोकस."

मी वाचलं नाही. तिथेच बसलो आणि मग रोज जाऊ लागलो. इथे मला थोडं लांबण लावू द्या, कारण दहावीत जे काही मी मन लावून शिकलो ते हेच. तांब्याचा पत्रा ठोकत गेलं की तो कडक होत जातो. तसाच ठोकत राहिलात तर तडकतो. म्हणून मध्येच भट्टीत घालून लाल करायचा, म्हणजे तो पुन्हा नरम होतो, पुन्हा ठोके खायला तयार. शेवटी मठारायचं. हातोड्याचा एकेक ठोका शेजारच्या ठोक्याला लागून बसवत जायचं, रांग न मोडता. त्या खळग्यांनी हंड्याला चमकही येते आणि ताकदही. ठोका चुकला की म्हाताऱ्याला डोळ्यांआधी कानांना कळायचं. पितळेला आतून कल्हई लागते. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, धूर उठला की कथलाचा तुकडा फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने पुसून काढायचं. काळं भांडं आतून एका दमात पांढरं होतं. रसायनशास्त्राच्या पेपरात कल्हईवर प्रश्न आला असता तर बोर्डाला माझा फोटो छापावा लागला असता. आला नाही. बोर्डाला सोनगीर कुठे ठाऊक! आणि तोवर बायका पितळ मोडीत घालून स्टील घेऊ लागल्या होत्या. माझ्यापुढे बसून म्हाताऱ्याने ठोकलेले हंडे लग्नात आंदण जायचे, पुढे वजनावर विकले जायचे.

फेब्रुवारीत टीव्हीवर चादर पडली. तिकडे ऑस्ट्रेलियात विश्वचषक सुरू. 4 मार्चला सिडनीत मियांदादने किरण मोरेसमोर उड्या मारल्या, त्या सगळ्या गल्लीने पाहिल्या. मी आमच्या चादरीकडे पाहत होतो. हौतात्म्य म्हणजे काय ते तेव्हा कळलं असं मी पुढे कित्येक वर्षं सांगत असे, आणि लोक हळहळतही असत.

एकदा ताईसमोर सांगितलं. ती हळहळली नाही.

ताईची दहावी 1990ची. मार्च महिना तोच, टीव्हीही तोच. पण तेव्हा रविवारी सकाळी 'महाभारत' लागायचं आणि गल्लीत टीव्ही आमच्याकडेच. अर्धी गल्ली ओट्यापर्यंत बसलेली, आणि आत परीक्षेला बसलेली मुलगी सगळ्यांचा चहा करत होती. चादर टाकायचं कोणाच्या मनातही आलं नाही. आजीचं ते वाक्य तिच्या वाट्याला आलं नाही, कारण अहिराणीत ते स्त्रीलिंगी होत नाही असं नाही, आमच्या घरात होत नव्हतं. ती भाकरी थापून झाल्यावर चुलीशीच वाचायची. कानबाईचे रोट तिने केले, दिवाळीचं सारवण तिने केलं. तिच्या वर्गातल्या दोघी-तिघींची तर आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास लग्नंही झाली, निकाल सासरी कळला. हे सगळं मी घरातच राहून पाहिलं होतं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. आज त्याचा राग येतो. आजीचा येत नाही, तिला तर शाळाच दिसली नाही. राग त्या सोयीचा येतो, जी आपल्याला मिळाली की नियम वाटते.

ताई आता सुरतेला असते, उधन्यात. अर्धा खानदेश तिथेच आहे. मागच्या वर्षी गेलो तेव्हा भाची दहावीत. सोफ्यावर टेकतोय न टेकतोय तोच माझ्या तोंडून गेलं, "काय गं, किती टक्के पडतील?"

भाची "बघू" म्हणाली नाही. म्हणाली, "मामा, तुम्हाला किती पडले होते?"

मी मान खाली घालून पूर्वीच्याच सुरात "होते बरे" म्हणालो. स्वयंपाकघरातून आवाज आला, "मला त्र्याहत्तर, मामाला अडुसष्ट. चहाचे धरले नाहीत."

मी मेहुण्यांना विचारलं, यंदा कापसाचा भाव काय म्हणतो तिकडे?

मेहुणे हिऱ्याच्या कारखान्यात आहेत.