रेशमाचा धागा आणि आमची गाडी

प्रवासात पोरांना रमवण्याच्या सगळ्या सल्ल्यांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते: गाडी चालू आहे. बेंगळुरूत सिल्क बोर्डाच्या चौकात हे पहिलंच कलम गळून पडतं. 'खिडकीतून गंमत बघ' म्हणावं, तर पाऊण तास तीच बस आणि तिचा तोच मागचा टायर. भेंड्या झाल्या, 'ण' आल्यावर 'न' चालतो का, यावरून मारामारीही झाली. चकल्यांचा डबा तर मारतहळ्ळीलाच संपला होता.

शेवटी, ज्याच्यावरून या चौकाला नाव पडलं त्या केंद्रीय रेशीम मंडळाकडे बोट दाखवून मी रेशीमकिड्याची गोष्ट काढली. अळी चार वेळा कात टाकते, मग कोष विणते, आणि एका कोषातून किलोमीटरभरसुद्धा धागा निघतो.

"म्हणजे किडा आपल्या पुढे गेला," धाकटी म्हणाली.

निघालो होतो चन्नपट्टणला, शहरापासून साठेक किलोमीटरवर, तिथली लाखकाम केलेली लाकडी खेळणी घ्यायला. थोरल्याने घड्याळ पाहिलं, समोरचा टायर पाहिला आणि विचारलं, "बाबा, पोचेपर्यंत मी खेळण्यांच्याच वयाचा असेन ना?"